अक्षरांची पोटं

पुण्याच्या पाट्यांना साहित्यात मानाचं स्थान आहे. त्यांचे फोटो फिरतात, संग्रह होतात, आणि ज्याचा अपमान झाला तोही तो अपमान चारचौघांत कौतुकानं वाचून दाखवतो. हॅरिस पूल ओलांडून दापोडीत आलं की हे कौतुक संपतं. इथून निगडीपर्यंत आणि तिकडे नाशिक रस्त्यानं चाकणपर्यंत जितकी अक्षरं पसरली आहेत, तितकी सदाशिव पेठेला तीन जन्मांत लिहून होणार नाहीत. पण त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नाही. पुणेरी पाटी वाचणाऱ्याला शहाणं करून सोडते. आमच्याकडचं अक्षर फक्त एवढंच सांगतं, की हा ड्रम हायड्रॉलिक ऑइलचा आहे, कूलंटचा नाही. आणि तेवढंच ते आयुष्यभर सांगत राहतं.

हे अक्षर ओळखायला सोपं. जाड, चौकोनी खांद्यांचं आणि मधूनमधून तुटलेलं. कंप्रेसरवर ते असतं, स्क्रॅपच्या बिनवर असतं, आगीच्या लाल बादलीवर असतं, आणि जेवणाच्या सुट्टीत ज्या खोक्यावर बसून लोक डबा उघडतात त्या खोक्यावरही असतं. देहूरोडच्या लष्करी डेपोतल्या हिरव्या पेट्यांवर तेच, आकुर्डी स्टेशनावर लोकलची वाट बघताना समोरून धडधडत जाणाऱ्या मालगाडीच्या वाघिणींवर तेच. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, टेल्को आली, बजाज आली, २००९ साली चाकणला मर्सिडीज आणि फोक्सवॅगन आली. मालक बदलले, भाषा बदलल्या, युनियनी बदलल्या. बिनवरचं अक्षर बदललं नाही. सगळा पट्टा एका हस्ताक्षरात लिहिलेला आहे, आणि ते हस्ताक्षर कुणाचंच नाही.

त्याच्या तुटकपणाचं कारण सौंदर्यशास्त्रात शोधू नये. ते पत्र्यात आहे. पत्र्यात अक्षर कापायचं आणि त्या फटीतून रंग मारायचा, एवढीच ही विद्या. आय, एल, टी ही सडपातळ मंडळी बिनतक्रार कापली जातात. घोळ होतो तो पोट असलेल्या अक्षरांचा. 'ओ' कापायला घेतला की आतला गोल कशालाच धरून राहत नाही. तो टपकन खाली पडतो, आणि रंग मारल्यावर ओच्या जागी एक काळा गोळा उमटतो. म्हणून ते पोट बाहेरच्या पत्र्याला धरून राहावं यासाठी वरखाली बारीक जोड ठेवावे लागतात. अक्षर जिथे तुटलेलं दिसतं, नेमकं तिथेच ते धरलेलं असतं.

या हिशोबानं आपल्या गावांची इंग्रजी नावं एकदा तपासून पाहावीत. मोशी एकदम सुटसुटीत, एका ओवर भागतं. निगडीतही एकच डी. चाकणला दोन 'ए', म्हणजे दोन पोटं. पिंपरीत दोन पी आणि एक आर, एकूण तीन. तळवड्याला चार. आणि भोसरी? बीची दोन, ओचं एक, 'ए'चं एक, आरचं एक, मिळून पाच. भोसरीत व्यवसाय करणं अवघड आहे असं तिथले लघुउद्योजक उगाच म्हणत नाहीत. सरकारला मात्र हे आधीच कळलेलं दिसतं. एमआयडीसी या नावात डीचं एक पोट आणि पीसीएमसीत पीचं एक. संस्था कितीही मोठी असो, पोट एकच. त्यात काय काय मावतं हा वेगळा विषय.

आकड्यांत सगळ्यांत वाईट दशा शून्याची. वरखाली जोड ठेवले की शून्याचे दोन कंस होतात आणि कंसात काहीच उरत नाही. असं शून्य अनेकांनी पगारवाढीच्या पत्रातही पाहिलेलं आहे. इंग्रजी आठाला दोन पोटं, त्यामुळे पत्रा जुना झाला की आठाचा तीन होतो, नाहीतर बी होतो. मग बी-८ रॅकवरचे बेअरिंग ८-३ वर सापडतात, आणि स्टोअरचे काका संगणकाकडे बोट दाखवतात. मराठी ८ मात्र दोन्हीकडून मोकळा आहे. कसाही कापा, त्यातून काही पडत नाही. वाहन उद्योगानं तर या भानगडीचं मूळच उपटलं. गाडीच्या सतरा अक्षरी चॅसिस नंबरात आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं वापरतच नाहीत, कारण त्यांचा एक आणि शून्याशी घोळ होतो. जगभर रोज हजारो गाड्या तयार होतात आणि त्यांपैकी एकीच्याही अंगावरच्या त्या नंबरात ओ नसतो.

पूर्वी हा पत्रा छिन्नीनं आणि कानशीनं कापायचे. त्या मिस्त्रीला पोटाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नसे. आता एखाद्या लेझर कटिंगवाल्याकडे फाइल पाठवली की संध्याकाळी प्लेट तयार. पण लेझरला अक्कल नसते, फाइल असते. नवा भरती झालेला इंजिनिअर संगणकावर जो फाँट आधीच निवडलेला असतो त्यात नाव टाकतो, मेल करतो आणि चहाला जातो. संध्याकाळी फोन येतो.

"साहेब, प्लेट झाली. सोबत पिशवी पण दिलीय."

"पिशवी कसली?"

"आतले तुकडे पडले ना. बीचे दोन, ओचा एक, असे सगळे मोजून भरलेत. नंतर कमी भरले म्हणू नका."

इंजिनिअर गप्प. पुढे खरेदी विभाग विचारतो, की पिशवीचं वेगळं चलन आहे का.

हे एकदा झालं की तो इंजिनिअर फाँटच्या यादीत खाली खाली जातो आणि 'स्टेन्सिल' नावाच्या जाडजूड टाइपापाशी थांबतो. या नावामागे एक गंमत आहे. १९३७ साली अमेरिकेत दोन वेगवेगळ्या कंपन्यांनी एका महिन्याच्या अंतरानं 'स्टेन्सिल' याच नावाचे दोन टाइप काढले. लडलो कंपनीसाठी आर. हंटर मिडलटन यांनी जूनमध्ये, आणि अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी गेरी पॉवेल यांनी जुलैमध्ये. भोसरीत असं झालं असतं, तर दोघांनी आधी एकमेकांचा फोरमन पळवला असता आणि नंतर एकमेकांच्या मुलाच्या लग्नाला आहेर नेला असता. पॉवेल यांच्या टाइपात लहान लिपीची अक्षरंच नाहीत, सगळी कॅपिटल. बरोबरच आहे. खोक्यावरचं अक्षर हळू आवाजात बोलूच शकत नाही. शेजारी प्रेस चालू असते. चंडीगडचा आराखडा करणारा ल कॉर्बुझिए आपल्या नकाशांवर अशीच स्टेन्सिलची अक्षरं काढायचा. अख्ख्या शहराचा आराखडा करणाऱ्या माणसाला हे अक्षर कमीपणाचं वाटलं नाही. आपल्याकडे मात्र मुलाचं अक्षर चौकोनी आलं तर त्याला कित्ता गिरवायला बसवतात.

पण या अक्षराचा खरा दरबार भरतो चाकणच्या पॅकिंग शेडमध्ये. परदेशी निघालेली लाकडी खोकी तिथे थप्पीनं उभी असतात. लाकडातली कीड माणसाआधी परदेशी पोचू नये म्हणून ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं शेकावं लागतं. मग त्याच्यावर कणसाचं चिन्ह, आपल्या देशाची 'आयएन' ही अक्षरं आणि उष्णता दिल्याची 'एचटी' ही खूण उमटते, तेव्हा कुठे ते न्हावाशेव्याच्या बंदराकडे निघतं. व्हिसासाठी माणसालाही शेकतात, फक्त तापमान लिहून देत नाहीत.

खोक्याच्या अंगावर आणखी तीन चित्रं असतात. सांभाळून न्या म्हणून ग्लास, पाण्यापासून जपा म्हणून छत्री, आणि ही बाजू वर म्हणून दोन बाण. जगातल्या कुठल्याही बंदरावर कळावीत म्हणून ती ठरवलेली आहेत. पण आपल्याकडे एका बाजूला देहू आणि दुसऱ्या बाजूला आळंदी. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या एका पॅकरमामांनी तो उंच दांड्याचा ग्लास बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "गिअरबॉक्सच चाललेत ना याच्यातून?" समजावून सांगितल्यावर त्यांनी ग्लास मारला, पण छत्री आधी मारली. बाणांचा इतिहास तर फारच उज्ज्वल आहे. झाकण ठोकायचं सोयीचं पडावं म्हणून खोकं उलटं ठेवतात, त्याच अवस्थेत त्याच्यावर बाण मारतात, आणि मग सुलटं करतात. त्यानंतर ते मशिन समुद्रापार डोक्यावर उभं राहून जातं, अगदी सूचनेबरहुकूम.

मला त्या शेडमध्ये सगळ्यांत जास्त कौतुक वाटतं ते ब्रश धरणाऱ्या पोराचं. हा ओडिशाचा. शाळा चौथीला सुटली. सकाळी तो एका खोक्यावर जर्मन लिहितो, दुपारी दुसऱ्यावर स्पॅनिश, आणि गुरुवारची सुट्टी सोडली तर आठवडाभर इंग्रजी. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. व्याकरणाच्या शिक्षकांनी आयुष्य वेचूनही ज्या गोष्टी आमच्या पिढीकडून घडल्या नाहीत, त्या अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यानं त्याच्याकडून करवून घेतल्या. लिहिणाऱ्याला वाचता यायची गरज नाही, अशी ही जगातल्या फार थोड्या लेखनपद्धतींपैकी एक. (अग्रलेख वगळून.) बाकी सगळी अक्षरं वाचणाऱ्याच्या सोयीसाठी घडवलेली असतात. हे एक अक्षर लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी घडलं. त्याच्या पोटातले जोड दिसायला बरे दिसत नाहीत, पण त्या जोडांच्या जिवावर कुणीही, कुठूनही आलेला माणूस पहिल्या दिवसापासून लिहिता होतो.

खोक्यांचं पुढचं आयुष्यही रंगीत असतं. परदेशातून मशिन आणणारी खोकी इथे फुटतात, आणि त्यांच्या पाइनच्या फळ्या भंगारवाल्यामार्फत फर्निचर होऊन घरोघर जातात. कुठे देव्हाऱ्याच्या पाठीवर सिरियल नंबर असतो, कुठे पोरांच्या अभ्यासाच्या टेबलाखाली 'दिस साइड अप'. नव्यानं संसार थाटलेल्या एका जोडप्याच्या पलंगाच्या उशालाच 'हँडल विथ केअर' आलं होतं. सुताराला घासून काढायला सांगितलं तर तो म्हणाला, "राहू द्या की वहिनी, उपयोगी पडंल."

कारखान्याच्या भिंतीबाहेर हीच विद्या थोडी बदनाम आहे. बोअरवेल, बंद पडलेले एसी, मूळव्याध आणि 'आयटीआय पास पाहिजेत' यांची स्टेन्सिलं विजेच्या खांबापासून उड्डाणपुलाच्या पायापर्यंत रातोरात उगवतात. निवडणूक आली की त्यात पक्षांची चिन्हं भर घालतात. हे थांबावं म्हणून १९९५ साली राज्यानं मालमत्ता विद्रूपणाला प्रतिबंध करणारा कायदा केला. त्यानंतर भिंतींवर 'येथे जाहिरात करू नये' असं लिहिलं जाऊ लागलं. तेही स्टेन्सिलनंच, तेवढ्याच जाड अक्षरांत, आणि बोअरवेलवाल्यापेक्षा जास्त जागा व्यापून.

तिकडे वाकड-हिंजवडीत या अक्षराला अचानक भाग्य लाभलं आहे. भिंतीचं प्लॅस्टर खरवडून विटा उघड्या पाडायच्या, छताला पाइप सोडायचे, पिवळे दिवे लोंबकळवायचे आणि समोर तुटक जाड अक्षरांत कॉफीचं नाव लिहायचं. याला इंडस्ट्रियल लुक म्हणतात. माझ्या ओळखीचा एक मशिनिस्ट दुसरी शिफ्ट संपवून बायकोला घेऊन अशा एका ठिकाणी गेला. बसल्या बसल्या त्याचा चेहरा उतरला. बायकोनं विचारलं काय झालं, तर म्हणाला, "मी सुटलोच नाही असं वाटतंय." बिल पाहून त्याला ओव्हरटाइम मिळायला हवा असंही वाटलं. त्याला खटकलं ते वेगळंच. भिंतीवरच्या आयलासुद्धा मध्ये फट होती. आयला पोट नाही, त्याला धरायचं काय? कारखान्यात अक्षराला फट पडते ती नाइलाजानं. इथे हौसेनं पाडली होती. गरीब माणूस चप्पल शिवून घालतो आणि श्रीमंत फाटकी जीन्स विकत घेतो, त्यातलाच प्रकार.

आता प्रश्न मराठीचा. हा सगळा कारखाना स्टेन्सिलमध्ये इंग्रजी बोलतो आणि ब्रशमध्ये मराठी. क्रेनची क्षमता, ड्रमचा मजकूर, रॅकचा नंबर ही गंभीर कामं इंग्रजी स्टेन्सिलकडे. 'थुंकू नये', 'चप्पल येथे काढावी', 'मोबाइल सापडल्यास जप्त होईल' ही घरगुती कामं पेंटरच्या हातच्या मराठीकडे. कायद्याची अडचण होती अशातला भाग नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यानं सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावायला सांगितलं होतं. त्याच कायद्यात पिकदाणी सोडून इतरत्र थुंकणाऱ्याला पाच रुपयांपर्यंत दंड होता. म्हणजे सूचना दोन भाषांत आणि दंड पाच रुपये. लोकांनी दंड समजून घेतला. २०२२ साली दुकानांच्या पाट्यांचा कायदा सुधारला, तेव्हा मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नसावीत असं ठरलं. कायद्यानं आकाराचं पाहिलं. आकृतीचं पाहायला कायद्याला फाँट कळावा लागतो.

मराठी स्टेन्सिलमध्ये का येत नाही, याचं कारण डोक्यावर आहे. शिरोरेषा. इंग्रजी अक्षरं रांगेत सुटी उभी राहतात. आपली एका रेषेला लोंबकळतात, त्यामुळे सगळा शब्द एकसंध कापला की अर्धा पत्राच निघून हातात येतो. त्यातून क, च, प, ब, व, सगळ्यांना पोटं; ठ म्हणजे तर नुसतं पोटच. दिवाळीत उंबऱ्यावर लक्ष्मीची पावलं काढायचे छाप घराघरांत असतात, खंडेनवमीला मशिनवर 'शुभ लाभ' उमटवायला कुणीतरी पुठ्ठा कापून आणतो, म्हणजे कला आपल्याकडे नाही असं नाही. पण 'शुभ लाभ' थोडं फिसकटलं तरी लाभ थांबत नाही. क्रेनचं तसं नसतं.

शिरोरेषेला जोड ठेवायला गेलं की खरी परीक्षा सुरू होते. कारण थ, ध आणि भ यांच्या डोक्यावर मुळातच फट आहे, आणि त्या फटीवरच त्यांचं अस्तित्व उभं आहे. रंग जरा पातळ झाला, फट बुजली, की 'थांबा'चं 'यांबा' होतं, 'धोका'चा 'घोका' होतो आणि भोसरीची मोसरी. उलट म आणि घ यांच्या डोक्यावर चुकून जोड पडला की नको तिथे भ आणि ध जन्माला येतात. एका कारखान्यात सुरक्षा सप्ताहाच्या उत्साहात क्रेनवरचं 'एसडब्ल्यूएल ५ टन' खोडून त्या जागी मराठीत 'कमाल भार ५ टन' मारलं. थिनर जास्त पडलं होतं. सकाळी पहिल्या शिफ्टनं मान वर करून वाचलं: 'कमाल मार ५ टन'. त्या दिवशी क्रेनखालून कुणीही गेलं नाही. सुरक्षेच्या दृष्टीनं तो सप्ताह अत्यंत यशस्वी मानला गेला.

हे दुरुस्त करायला मालकांची पुतणी आली. ती टाइप डिझाइन शिकलेली. तिनं जोड अक्षरांच्या डोक्यावर न ठेवता दोन अक्षरांच्या मध्ये ठेवले, भच्या डोक्यावरची फट मुद्दाम दुप्पट रुंद केली, पोटांना तिरपे जोड दिले आणि प्लेट कापून आणली. या वेळी पिशवी आली नाही. त्या ओडिशाच्या पोराला चाकणहून बोलावून घेतलं. मराठीचा त्याचा पहिलाच दिवस, पण त्यानं गर्डरवर 'कमाल भार ५ टन' असं काही उमटवलं, की शुद्धलेखन मंडळानं सत्कार करावा. जाड, चौकोनी, खणखणीत. खाली उभ्या असलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

क्रेन ऑपरेटरनं मात्र टाळी वाजवली नाही. तो बराच वेळ वर बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, अक्षर झ्याक झालंय. पण इंग्रजीत होतं तवर आम्ही बिनघोर सहा-साडेसहा टन उचलायचो. आता मराठीत लिहिलंय म्हणल्यावर वाचलं नव्हतं असं सांगता यायचं नाही."